पॅड बदलले, तरी डावं चाक तापतच होतं

ब्रेकच्या पॅडची मापं आधी सांगतो, कारण सगळा मामला त्यातच आहे. उजव्या पुढच्या चाकाचे दोन्ही पॅड सात-साडेसात मिमी शिल्लक, आतला आणि बाहेरचा जवळपास सारखा. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड खालच्या टोकाला पाच मिमी, वरच्या टोकाला साडेतीन. आणि डावा आतला? सगळ्यात पातळ जागी जेमतेम दीड. नव्या पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, साधारण दहा मिमीच्या आसपास असतो आणि ३ मिमीवर आला की पॅड बदलायचा, असा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे एकाच डब्यातून निघालेले, एकाच दिवशी बसवलेले चार पॅड, आणि चौघांची तीन वयं.

गाडी २००८ ची वॅगनआर, एमएच ११. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून आणखी पाच वर्षं पदरात पाडून घेतलेली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (फिरती तबकडी दोन पॅडच्या चिमटीत धरणारा), मागे ड्रम. घर साताऱ्यात आणि सासुरवाडी यवतेश्वरच्या वर, कासच्या बाजूला. त्यामुळे या गाडीच्या नशिबी घाट ठरलेला. वर जाताना इंजिनाचा जीव जातो, खाली येताना ब्रेकचा. पावसाळ्यात तिकडची तांबडी माती चाकांच्या आत जाऊन बसते, ती उन्हाळ्यापर्यंत निघत नाही.

लक्षणं बरीच आधीपासून होती. घाट उतरून समर्थ मंदिरापाशी आलो की डाव्या चाकातून करपल्याचा वास यायचा. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरलं की गाडी डावीकडे झुकायची. पहिली शंका अर्थातच अलाइनमेंटची. ते करून घेतलं, फरक शून्य. मग एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी चाक काढलं, पॅड संपलेत म्हणाले, नवे टाकले, जुने भंगाराच्या ड्रममध्ये भिरकावले आणि वर सल्ला दिला, ‘घाटात ब्रेकवर पाय ठेवून चालवत जाऊ नका.’ माझा पाय ब्रेकवर असता तर तो उजव्या चाकालाही लागला असता की! पण पॅड नवे होते, वास थांबला होता, मी पैसे देऊन निघून आलो.

वास परत आला तो पुढच्या पावसाळ्यात. या वेळी आधी चाक खोलायचं नाही, आधी खात्री करायची असं भाच्याचं म्हणणं पडलं. भाचा डिप्लोमाला आहे, त्याला प्रत्येक गोष्ट मोजायची असते. वाढे फाट्यावरून लिंबच्या दिशेने सर्व्हिस रोडने गेलो, बराच वेळ ब्रेकला पाय लावला नाही, शेवटी गाडी गिअर काढून आपोआप मंदावू दिली आणि हँडब्रेकने थांबवली. हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, त्यामुळे पुढच्या डिस्क आपण तापवल्या असं म्हणायला जागा नाही. भाच्याने खिशातून कोरोनाच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक काढली. तिने डाव्या चाकावर ‘हाय’ असं दाखवून हात टेकले. माणसाच्या तापासाठी बनवलेली वस्तू ती. शेवटी बाटलीतलं पाणी बोटांनी शिंपडलं. उजव्या रिमच्या मध्यभागी थेंब तसेच राहिले. डाव्या बाजूला चर्र करून उडाले. ब्रेक न दाबता एक चाक तापतंय म्हणजे तिथला ब्रेक सुटतच नाहीये. इतकं कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. फक्त डिस्कला हात लावायचा मोह आवरायचा.

गोडोलीकडच्या रस्त्यावर एक जुने मेस्त्री आहेत. बोर्ड नाही, शेडवर पत्रा, समोर कायम दोन-तीन जुन्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘आधीचं पॅड कुठायत?’

‘फेकले त्यांनी.’

‘मग काय बघायचं आता? पॅड म्हंजे कागद असतोय सर. वाचायचा आन् मग टाकायचा.’

त्यांनी चाक काढायच्या आधी मला एका बाजूला बसायला स्टूल दिलं. म्हटलं, बसणार नाही, हात लावणार. ते हसले आणि पाना माझ्या हातात दिला. मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक, आणि जॅकच्या शेजारी चासीखाली लोखंडी घोडा. त्या घोड्याबद्दल मेस्त्री फार कडक आहेत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते स्वतः हात घालत नाहीत, दुसऱ्यालाही घालू देत नाहीत.

पॅड निघाले, वर्तमानपत्रावर मांडले, व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) लावला, आणि सुरुवातीला दिली ती मापं आली. मेस्त्रींनी व्हर्नियरकडे बघितलंही नाही. डावा बाहेरचा पॅड उचलून कडेने डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, ‘तिरका गेलाय. पिन धरलीय एक.’

इथे थोडं थांबून कॅलिपरबद्दल, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याबद्दल, सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गाडीला डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन नसतो. पिस्टन एकच, आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराची उलटी प्रतिक्रिया म्हणून अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून धरतो. कॅलिपर सरकतो तो दोन पिनांवर, एक वर, एक खाली. या पिना रबरी बुटांच्या, म्हणजे आवरणांच्या आत, ग्रीसमध्ये अलगद हलल्या पाहिजेत. दोन्ही अडकल्या तर बाहेरचा पॅड जवळजवळ बघ्याची भूमिका घेतो आणि आतला एकटा राबून झिजतो. एकच अडकली तर कॅलिपर एका टोकाला सरकतो, दुसऱ्या टोकाला नाही, आणि पॅड तिरका जातो. आमचा बाहेरचा पॅड वरच्या टोकाला जास्त गेला होता. म्हणजे वरची पिन हलत होती, खालची नाही.

तसंच निघालं. वरची पिन दोन बोटांत धरून ओढली, आली. खालची पान्याने फिरवली तरी कुरकुर करत जेमतेम फिरली. गंज सोडवायचं तेल मारून, डावी-उजवी फिरवत फिरवत बाहेर काढली. पिनेला तापवायची सूचना भाच्याने केली, ती मेस्त्रींनी उडवून लावली, कारण शेजारीच रबराचे बूट आहेत. पिन बाहेर आली तेव्हा तिच्या मध्यावर गंजाचं कडं होतं, नखाला लागेल इतकं खोल, आणि बाकी अंगावर काळा चिकट लगदा. बूट एका बाजूला फाटलेला आणि फुगून सैल पडलेला. मेस्त्रींनी लगदा बोटावर घेऊन वास घेतला. ‘साधं ग्रीस घातलंय. बेअरिंगचं.’

हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं आणि बऱ्याच गाडीवाल्यांना नसतं. ब्रेकमधलं रबर पेट्रोलियमच्या ग्रीसने फुगतं. तिथे सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं. साधं ग्रीस घातलं की पहिले काही महिने सगळं छान सरकतं, मग रबर फुगून पिनेला आवळतं, बूट फाटतो, फाटीतून पाणी आणि आमच्याकडची तांबडी माती आत जाते, आणि पिन कायमची बसते. आणखी एक गोष्ट दिसली. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथल्या स्टीलच्या पट्ट्याच नव्हत्या. पॅड बदलताना त्या काढून परत घातल्याच नव्हत्या. खाचेत गंज साचून पॅडचे कानही अडकत होते. आणि पॅड संपत आला की किर्र आवाज करणारी जी पत्र्याची जीभ असते, तीही या स्वस्तातल्या पॅडना नव्हती. आम्हाला सूचना मिळणार कुठून?

पोवई नाक्यावरून पिनांचं आणि बुटांचं किट आणलं, पट्ट्या आणल्या, पॅडचा नवा जोड आणला. पिना नव्याच घातल्या, कारण गंजाचं कडं घासून काढलं तरी खड्डा राहतोच. भोकं चिंधी गुंडाळलेल्या काडीने आणि ब्रेक क्लीनरने साफ केली. खाचा कानशीने मोकळ्या केल्या. ब्रेकची काळी धूळ मात्र कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू दिली नाही मेस्त्रींनी. जुन्या पॅडच्या मसाल्यात काय काय असायचं ते फुप्फुसात जाऊ नये, म्हणून ओल्या फडक्याने पुसायला लावली. ग्रीसचा थर पातळ द्यायचा. जास्त भरलं की पिन आत दाबल्यावर आतली हवा कोंडून ती परत बाहेर येते, हे करून दाखवलं त्यांनी. या सगळ्या वेळात कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगलेला होता. होजवर, म्हणजे ऑइल आणणाऱ्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवला असता तर होजचं वाटोळं झालं असतं. अर्थात त्या होजचं वाटोळं आधीच झालेलं होतं, पण ते अजून कळायचं होतं.

कळलं ते पिस्टन मागे दाबताना. नवे पॅड जाड, त्यामुळे पिस्टन सी-क्लॅम्पने आत ढकलावा लागतो. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, उतू जाईल म्हणून भोवती फडकं लावलं. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग खातं, पडलं तर लगेच पाणी मारायचं. क्लॅम्प आवळायला लागलो तर पिस्टन हलेना. जोर लावला तर मुंगीच्या पावलाने सरकायचा. मला वाटलं पिस्टनच गंजला. मेस्त्रींनी मला थांबवलं, कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं, निपल अर्धा फेरा ढिला केला आणि म्हणाले, ‘आता दाबा.’ पिस्टन सरळ आत गेला. नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल बाटलीत आलं.

मग उजव्या चाकावर तेच केलं, निपल बंद ठेवून. तिकडे पिस्टन निपल न उघडताच आरामात मागे गेला, टाकीत ऑइल वर चढलेलं दिसलं. म्हणजे डाव्या बाजूला पिस्टन ठणठणीत होता. ऑइलला परत वर जायला वाट नव्हती.

भाच्याने लगेच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागावर, बोट ठेवलं. मेस्त्रींनी त्याला उजव्या मागच्या चाकाकडे पाठवलं. या गाडीत ब्रेकच्या दोन लाइन तिरप्या असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसरीवर. मास्टर सिलिंडरमध्ये प्रेशर अडकत असेल तर त्याच लाइनवरचं मागचं उजवं चाकही जड फिरायला हवं. ते उचलून फिरवलं तर मोकळं फिरलं. तरी खात्री म्हणून शेवटची परीक्षा केली. पॅड बसवून, चाक लावून, डावी बाजू उचललेलीच ठेवून मी आत बसलो, ब्रेक काही वेळा दाबून सोडला. चाक हाताने हलेना. मेस्त्रींनी लोखंडी पाइप आणि रबरी होज जिथे जुळतात तो नट जरासा ढिला केला. थेंबभर ऑइल आलं, चाक तसंच घट्ट. नट आवळला आणि खाली कॅलिपरचा निपल उघडला. ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. नट ढिला केल्यावर चाक सुटलं असतं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. निपल उघडूनही सुटलं नसतं तर दोष पिन-पिस्टनचा. आमचा दोष या दोहोंच्या मधे, म्हणजे होजमध्ये. वीत-दीड वीत रबर.

बाहेरून होज धडधाकट दिसत होता. ना चीर, ना गळती. मेस्त्रींनी काढून ब्लेडने उभा कापला. आतला थर फुगून भोक सुईएवढं राहिलं होतं, आणि एका जागी रबराची पापडी सुटून भोकावर लोंबत होती. सायकलच्या ट्यूबच्या वॉल्व्हसारखं काम चाललं होतं तिचं. पाय दाबला की जोरापुढे पापडी बाजूला व्हायची आणि ऑइल कॅलिपरकडे जायचं. पाय सोडल्यावर ऑइलला मागे ढकलायला तसा जोरच नसतो. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील दाबताना किंचित पिळली जाते आणि सोडल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते, तेवढंच. त्या केसभर ओढीला पापडी दाद देईना. म्हणून डाव्या चाकाचे दोन्ही पॅड कायम डिस्कला घासत राहिले.

आता मापं परत वाचली की दोन वेगवेगळ्या कहाण्या सुट्या होतात. डाव्या-उजव्यातला फरक होजचा. आतल्या-बाहेरच्यातला आणि वरच्या-खालच्यातला फरक पिनेचा. नुसती पिन दुरुस्त करून गाडी रस्त्यावर काढली असती तर पुढचे पॅड सरळ झिजले असते, पण डावे तरीही आधी संपले असते. आणि नुसता होज बदलला असता तर ते तिरकेच राहिले असते. जुने पॅड भंगारात भिरकावणाऱ्याला यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं. म्हणून आता कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी सोडताना मी बजावतो, काढलेले पॅड मला द्या, कुठला कुठल्या चाकाचा आणि आतला की बाहेरचा ते खडूने लिहून. काहींना वाटतं मी बिलाची खात्री करतोय. वाटू दे.

होज दोन्ही बाजूंचे बदलले. उजवाही त्याच वयाचा, तो कधी दगा देईल याची वाट कशाला बघायची. होजची किंमत पॅडच्या जोडापेक्षा कमी निघाली. नट गोल होऊ नये म्हणून पाइपचा नट धरायला वेगळा पाना असतो, खाच असलेल्या रिंगचा, तो मेस्त्रींकडे होता. घरी करणाऱ्याने तो आधी मिळवावा, नाहीतर अख्खा पाइप बदलायची पाळी येते. तांब्याचे वॉशर नवेच घातले. डाव्या डिस्कवर निळसर डाग आले होते आणि कडेला उंच धार झाली होती. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते. लेथवर नेली असती तर ती त्याखाली गेली असती, म्हणून दोन्ही डिस्क नव्या. इथे खिसा बराच हलका झाला.

मग ब्रेकच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढणं. मी आत, मेस्त्री चाकाशी. ‘दाबा... धरा... सोडा.’ धरलेलं असताना निपल उघडायचा, बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी. टाकीत ऑइल संपू देऊ नये म्हणून भाचा बाटली घेऊन बॉनेटपाशी. टाकीच्या झाकणावर डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) लिहिलेलं होतं, तेच घातलं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १४० वर येते. यवतेश्वरचा उतार आणि घासणारा ब्रेक असेल तर १४० काही फार लांब नाही. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ब्रेक खाली जातो आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं हा नियम त्यासाठीच आहे. आमचं आधी कधी बदललं होतं, याचा कागद सापडला नाही.

गाडी हलवण्याआधी ब्रेक कडक लागेपर्यंत पंप केला. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला पाय थेट जमिनीला टेकतो. कोरेगाव रस्त्याला पहाटे मोकळ्यावर साठवरून दहापर्यंत मध्यम ब्रेक मारत, मधे डिस्क गार होऊ देत नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसवून घेतले. परत पाण्याचे थेंब. या वेळी दोन्ही बाजूंना सारखे. भाच्याने नवी, लेसरच्या ठिपक्याची थर्मामीटर बंदूक ऑनलाइन मागवली होती. तिने दोन्ही डिस्कमध्ये पाच-सहा अंशांचा फरक दाखवला, त्यावर तो समाधानी.

पुढचा पावसाळा संपल्यावर चाकं काढून मापलं. डावा आतला आणि बाहेरचा यांत अर्ध्या मिमीचाही फरक नाही, उजवेही तेवढेच. खालची पिन बोटाने सरकली. बूट पुसून, नवं सिलिकॉन ग्रीस लावून बंद केलं. मात्र चाकं काढलीच आहेत म्हणून मागचे ड्रमही उघडले, तर उजव्या व्हील सिलिंडरच्या (ड्रममधला ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीखाली ओल दिसली. टोपी उचलली तर आत ऑइल. अजून लायनरपर्यंत, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या थरापर्यंत, पोचलेलं नाही, पण पोचेल. मेस्त्रींनी किट सांगितलंय, मीही दोन्ही बाजूंचंच मागवलंय, आणि दिवाळीला सासुरवाडीला जायच्या आधी ते काम उरकायचं ठरलंय.